सोळावा बोल्ट

ता. ३, मंगळवार

भाऊजी, नमस्कार.

तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा तुम्ही कापलात. म्हणून या कागदावर रेघोट्या ओढतेय. चौथीपर्यंतचं माझं शिक्षण, चुका काढत बसू नका. सात वर्षं झाली. सख्खा भाऊ जिवंत आहे का, एवढं तरी माणूस विचारतो.

जिवंत आहेत. गाडीही आहे, नव्याने जोडायची म्हणून सगळी सुटी करून ठेवलीय. वडिलांची गाडी भंगारात द्या म्हणालात तुम्ही, आणि मी म्हणाले, पुन्हा या घरात पाय ठेवू नका. आता मलाच वाटतं, भंगारवाला परवडला असता. दारं स्वयंपाकघरात भिंतीला टेकलेली, सीट पलंगाखाली. मी चुलीपाशी उभी राहिले की फळीवरचा हेडलाइट सासूसारखा डोळे वटारून बघतो.

रविवारी, पंधरा तारखेला, बॉडी खालच्या सांगाड्यावरून, चासीवरून, उचलायची आहे. शेडच्या तुळईला साखळीची कप्पी टांगलीय. उचलताना बॉडी वाकू नये म्हणून दारांच्या जागी शेजारच्या वेल्डरकडून सळ्या मारून घेतल्या. तो आणि त्याची माणसं कोपरे धरणार. साखळी मात्र मीच ओढणार, म्हणतात तुमचे दादा. "तुझ्यापेक्षा हिला जास्त वर्षं ओळखतो मी." म्हटलं, मग जेवायलाही तिच्याकडेच मागा.

तब्येत बरी आहे त्यांची. जेवतात, भांडतात.

उजवा हात तेवढा. त्यातून वस्तू निसटतात. आधी पेला, मग वस्तरा. परवा गाडीखाली झोपले होते, तर पाना सुटून कानाजवळ पडला. ग्रीस लागलं होतं म्हणाले. मी पाना उचलून बघितला. कोरडा होता. डॉक्टरचं नाव काढलं की दोन दिवस अबोला.

आता जे लिहायचं ते लिहिते. बॉडी सोळा बोल्टांनी चासीला धरलेली असते. सगळे काढून त्यांनी डब्यात ठेवले. ते बाजारात गेले तेव्हा मी त्यातला एक परत लावला, मागच्या सीटखाली, उजव्या कोपऱ्यात. म्हटलं, बॉडी हलणार नाही, कंटाळून नाद सोडतील. डबा मोजतील म्हणून आमच्या पलंगाचा एक बोल्ट त्यात टाकला. मोजलेच त्यांनी. सोळा भरले. खूश झाले. पलंग कुरकुरतोय.

काल वेल्डर बोलता बोलता म्हणाला, एक जरी बोल्ट राहिला तरी तीन कोपरे उचलतात, चौथा धरून ठेवतो आणि बॉडी कलंडते. साखळी ओढायला तुमचे दादा त्याच कोपऱ्याशी उभे राहणार आहेत.

मी तो बोल्ट काढायला गेले तर निघेना. वाकडा बसलाय. वरून बोल्ट फिरवला की खालचं नटही गरगर फिरतं. एकाने वर धरायचं, दुसऱ्याने खाली झोपून फिरवायचं, तेव्हा निघेल. वेल्डरला सांगावं तर त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. ह्यांना सांगावं तर विचारतील, का लावलास? मग हाताचा विषय निघणार. माझ्या लक्षात आलंय हे त्यांना ठाऊक नाही. निदान दाखवतात तसं.

तुम्ही शनिवारी या. गाडी बघायला आलो म्हणा. खाली तुम्ही झोपा, वर मी धरते. आणि रविवारी साखळी तुम्ही ओढा, धाकट्याचा हट्ट म्हणून. तुम्हाला ते नाही म्हणणार नाहीत. तुमचा पाना अजून त्याच खिळ्याला आहे, मला हात लावू देत नाहीत.

पाय ठेवू नका असं मी म्हणाले, ते माझं चुकलं. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

गुरुवारी, बारा तारखेला, संध्याकाळपर्यंत फोन करा. येतो किंवा येत नाही, एवढंच सांगा. फोन आला नाही तर त्या दिवशी जेवणाआधी मीच त्यांना सांगणार, बोल्टाचंही आणि हाताचंही. ते माझ्या तोंडून त्यांना ऐकायला लावू नका.

वाट बघतेय,
तुमची वहिनी