दरबारच्या मंजुरीचा मुलगा

बाबा,

तुम्ही होतात तोवर माझ्या तोंडून 'काका'च निघायचं. धाकट्या भावाचा मुलगा दत्तक घेतलात, पण जुनी सवय काही जाईना. आता ऐकायला तुम्ही नाहीत, तर बघा, कसं चटकन निघालं!

आपलं हे उत्तरेकडचं संस्थान भारतात विलीन झालं तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आपलं इनामदारांचं घर, म्हणून माझ्या दत्तकाला दरबारची मंजुरी घ्यावी लागली होती, हे मला पाठ होतं. 'खासगी बाजार' या आपल्या पेठेतला किराणावाला हसत म्हणाला, "अब तो दरबार के सारे कागज रद्दी हैं, भैया!" झालं. घरी येऊन मी कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलो. तुम्ही कॉलेजातून इतिहास शिकवून येता, पगडी खुंटीला अडकवता, आणि मी विचारतो, "काका, मला परत कधी पाठवणार?" केवढे भडकलात! "गाढवा, वरण निवतंय, आधी जेवायला बस!"

मग भात कालवता कालवता तुम्ही इजिप्तमध्ये शिरलात. तुमची खोडच ती. तिथला राजा म्हणे जन्मतःच सूर्यदेवाचा मुलगा, जिवंतपणी देव आणि मेल्यावरही देव. "आणि यहुद्यांच्या स्तोत्रांतला राजा? साधा माणूस. गादीवर बसतो त्या दिवशी देव त्याला मुलगा म्हणतो. म्हणजे दत्तकच की रे! पुढे राज्य बुडालं, देऊळ जळलं, तरी ती माणसं ते स्तोत्र गातच राहिली."

"का?"

"देवानं एकदा मुलगा म्हटलं ना! राज्य गेलं म्हणून ते थोडंच परत घेता येतं?"

बोलता बोलता तुम्ही भात कालवायचे थांबलात. डोळे राजवाड्याच्या बाजूच्या खिडकीकडे होते, माझ्याकडे नव्हते. तेच मला आजवर छळतंय. तुम्ही मला समजावत होतात, की स्वतःला? विचारायची हिंमत झाली नाही, आणि तुम्ही गेलात. अजूनही कधी भात कालवताना पाठीमागे तुमचं खाकरणं ऐकू येतं. मी वळून बघत नाही, भीती वाटते.

हे पत्र टाकणार तरी कुठं? राहू दे इथंच टेबलावर. मला परत पाठवणारं आता कुणी उरलं नाही, आणि परत घेणारंही नाही. नातवंडं अंगाखांद्यावर खेळतात माझ्या. तरी एक सांगतो, हसू नका. दाराची कडी वाजली, की मी आधी पायांनी चपला चाचपतो.