लेबल काढलेली रेकॉर्ड

पुणे, ६ जुलै २००३

ताईस प्रसेनजीतचा जयभीम,

काम बरं चाललंय, जेवण वेळेवर मिळतंय. आईचा गुडघा कसा हाय?

माझ्या खोलीतल्या अतुलनं जुन्या बाजारातनं दोन टर्नटेबल आणल्यात. सुट्टीला तो मला स्क्रॅच शिकवतो. फिरत्या रेकॉर्डवर बोटं ठेवून तेवढाच तुकडा मागंपुढं घासायचा. दोन महिने मी एकाच रेकॉर्डवरचं एकच 'जी जी' घासतोय. तिचं लेबल त्यानं भिजवून काढलेलं. गाणं कुणाला कळू नये म्हणून डीजे असंच करतात, म्हणाला. मला लई भारी वाटलं.

आज तो बाहेर गेलता, म्हणून मी ती पहिल्यापासनं लावली. तिसऱ्या कडव्यात सुई उडाली. लहानपणी माझ्या हातनं वाटी पडलेली, बरोबर तिथंच. आपल्या बाबांच्या गायन पार्टीची रेकॉर्ड हाय ती, ताई.

मी मागितली तेव्हा तू लिहिलंस, रंगकामात फुटली. अतुल आल्यावर विचारलं, तर म्हणतो, "जयंतीला तुझ्या घरी आलतो, तेव्हा संघप्रियानंच दिली की." त्यानं तुला ताई म्हटलं न्हाय, तेबी मी ऐकलं.

त्याला द्यायची तर द्यायचीस. माझ्याशी खोटं कशाला बोललीस?

कोरसातलं ते 'जी जी' बाबांचं होतं. आता तिथं नुसती खरखर ऱ्हायलीय, आणि ती माझ्याच बोटांनी केलीय.

आईला मात्र फुटली असंच सांगत जा.

प्रसेनजीत