आखाजीला मारलेल्या बढाया

जळगाव

प्रिय प्रेमराजभाऊ,

गावच्या पुनाच्या हाती पाठवलेला तुझा कागद मिळाला. शेत विकून, वहिनीला घेऊन तू इकडे राहायला येतोयस हे वाचलं आणि पुन्हा पुन्हा तेच वाचत बसले. तव्यावरची भाकरी करपली तरी उठले नाही.

आखाजीच्या सणाला माहेरी आले होते, आठव. पारोळ्याच्या बाजारातली नवी साडी नेसून झोक्यावर बसले होते आणि सगळ्या बायांना ऐकवत होते, "तठे बठ्ठं शे." शहरात सगळं आहे म्हणे, घरात नळ, दोन खोल्या, यांना कंपनीत पक्कं काम. माहेरी येऊन सासरचं उणं कोणती बहीण सांगते? आई असती तर तिने माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं असतं. तू भोळा, खरं धरून बसलास.

आता खरं ऐक. नळ आहे, पण वस्ती दुपटीने वाढली आणि पाइप तोच जुना. आठवड्याने पाणी येतं, तेही करंगळीएवढं. दोनातली एक खोली मालकाने दुसऱ्या कुटुंबाला दिली, भाडं मात्र तेवढंच. परवडत नसेल तर सोडा म्हणाला, मागे रांग लागलीय. आणि कंपनीच्या फाटकावर रोज सकाळी गावोगावची माणसं उभी. हे पगारवाढ मागायला गेले, तर ठेकेदाराने नुसतं त्या गर्दीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून हेही त्याच गर्दीत. यांच्या जागी कोण आत गेला सांगू? आपल्या गल्लीतला धनसिंग. माझ्याच बढाया ऐकून आलेला. कमी मजुरीवर तयार झाला. त्याला तरी काय बोलू, त्याच्याही घरी खाणारी तोंडं आहेतच.

तिकडे कापूस वेचायला माणूस मिळत नाही म्हणून तू रडतोस, इकडे माणसाला काम मिळत नाही. सगळ्यांचीच डोकी फिरलीत. तू आलास तर त्याच फाटकावर, यांच्या शेजारी उभा राहशील आणि दोघं मिळून एकमेकांची मजुरी पाडाल. मला ते बघवणार नाही रे.

फोन तीनदा लावला. तू "कशी आहेस" विचारलंस की तोंडून "मजेत" एवढंच निघतं. म्हणून हे लिहितेय.

आबा गेल्यावर सातबाऱ्यावर माझंही नाव लागलं, म्हणून विक्रीच्या संमतीचा कागद माझ्याकडे आला. मी सही केलेली नाही, तसाच परत पाठवतेय. बहीण वाट्यासाठी अडून बसली असं गावभर होईल. वहिनी पुढच्या आखाजीला बोलावणार नाही, तूही तोंड फिरवशील. फिरव. पण शेत राहू दे भाऊ, पाया पडते. परवा हे खाली मान घालून मला म्हणाले, "तुझ्या भावाला विचार, कापूस वेचायला आम्ही दोघं चालू का?" जावईमाणूस, सासुरवाडीच्या शेतात मजुरीला. त्यांना काय सांगू ते कळव.

तुझीच, खोटं बोललेली बहीण,
दिपमाला