खांड बुजेना

५ नोव्हेंबर १९८३
आले एकदाची बहारीनला! लोक इथून सोनं नेतात, मी मात्र तिवराची रोपं लावायला आलेय. शिवदास ईसा टाउनच्या शाळेत गणित शिकवणार आणि त्यांची बायको राखीव खाडीत चिखल तुडवणार. कुणीतरी पूर्वी इथे चर खणलाय. भरतीचं पाणी त्यातून निघून जातं, पाणथळ वाळते, तिवरं मरतात. चराच्या तोंडाशी बांध घालून पाणी अडवायचं, मग लागवड. आम्ही पेणच्या खारेपाटातले. बांध घालायला आम्हाला कुणी शिकवायला नको. मुकादम इलियासचाचा रत्नागिरीचे. पहिल्याच दिवशी त्यांनी डब्यातली सुरमई माझ्या ताटात वाढली. समोर रोहित पक्षी चरत होते. फार बरं वाटलं.

९ नोव्हेंबर
बांध दोन्हीकडून जोडत आणला. मधली खांड, म्हणजे उरलेली फट, तेवढी बुजवायची होती. चाचा म्हणाले, गावाकडे नारळ दिल्याशिवाय खांड बुजवत नाहीत. मी म्हटलं, नारळ चटणीला ठेवा. मातीची पोती रचून बुजवली. चाचांनी एकाही पोत्याला हात लावला नाही.

१० नोव्हेंबर
खांड पुन्हा पडली, तिथेच. पोती आतून ढकललेली आणि चिखलावर बोटांचे ठसे. कुणीतरी खोडी काढतंय. पण गाठ माझ्याशी आहे!

१३ नोव्हेंबर
रोज बुजवते, रोज पडते. आज भर दुपारी ओहोटीला तिथेच बसून राहिले. पोतं हललं. पोत्यामागून चिखलाने माखलेला हात आला, चाचपडला, आत गेला. चाचांनीही पाहिला. "बाय, ही खांड भुकेली हाय," एवढंच म्हणाले. जुन्या बांधांत माणूस पुरायचे, हे मीही लहानपणी ऐकलंय. मी खांडीत तोंड घालून ओरडले, माती मिळेल, माणूस मिळणार नाही. शिवदास म्हणतात, नोकरी सोड. भीती वाटते, खोटं कशाला लिहू? पण सोडणार नाही.

१५ नोव्हेंबर
बांध टिकला! पाणी अडलं. लागवडीचे साहेब खूश.
चाचा आले नाहीत.
खोलीवरही नाहीत. त्यांच्या चपला बांधावर आहेत, खांड होती तिथे. साहेब म्हणतात, पळाला असेल, खलास, बांधाला हात लावू नको.
अनवाणी पळाले?

१६ नोव्हेंबर
बांधाला कान लावला. आत कुणीतरी कण्हतंय. चाचाच.
माणूस गिळून उभा राहणारा बांध मला नको. तिवरं मेली तर पुन्हा लावीन. शिवदासना बोलावलंय. कुदळ घेतली.

दुपार
फोडला. चाचा सापडले. छातीपर्यंत मातीत, पण श्वास आहे. शिवदासनी ओढून काढले, गाडीत घातले, दवाखान्यात न्यायला निघाले. मला म्हणाले, चल. मी म्हटलं, पाय रुतलाय, तुम्ही व्हा पुढे.
घोटा कुणीतरी धरलाय, हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते गेले नसते, आणि चाचा—

भरती लागली. चिखल मांडीपर्यंत. खांड आपली आपण बुजतेय, माझ्याभोवती—
दुसरा हात. तिसरा.
कुदळ आहे माझ्याकडे. एकेक बोट सोडवतेय. ओढा किती ओढायचं ते—
डावा पाय सुटला! आता उज—