न पुसलेलं नाव

३ ऑक्टोबर
पोचलो बाई एकदाच्या! नात डिलेनी गाडी चालवत होती नि मी शेजारी बसून नुसती बडबड. आमच्या आयोवात मैलोन्मैल मका, इथे मैलोन्मैल काहीच नाही, तरी नजर हटत नाही. मुक्काम वाळवंटाच्या कडेच्या या गावात, मोटेलात. रोज सकाळी एकेक जागा बघायची नि संध्याकाळी परत यायचं. मला बघायचीय ती लाल दगडाची कमान. आमच्या म्हाताऱ्याने लग्नात दाखवायची कबूल केली होती, मग गाई झाल्या, पोरं झाली, राहूनच गेली. मोटेलवाली इनेझ गोड बाई, पण शिस्तीची. दाराशी पाटी टांगलीय. निघताना नाव नि जागा खडूने लिहायची, परत आल्यावर आपलं आपण पुसायचं. नाव दिसलं तर माणूस अजून वाळवंटात आहे असं धरतात.

४ ऑक्टोबर
दरी पाहिली. रात्री हिरव्या मिरचीचा रस्सा असा चापला की डिलेनी म्हणाली, आजी, वाडगा तरी सोड! उद्या कमान! पाटीवरचं नाव काही मी पुसलं नाही. उद्या पुन्हा तेच लिहायचं, पाटी ही एवढी खाली नि माझे गुडघे हे असे. नुसतं ‘दरी’ पुसून ‘कमान’ लिहिलं.

५ ऑक्टोबर
नुसता वैताग! उठले तर डिलेनी नाही, गाडी नाही. दिवसभर पायरीवर धूळ खात बसले. संध्याकाळी पोरगी एकटीच आत आली नि म्हणते काय, आजी, कमानीखाली काय नाचलीस गं, नि माझ्याआधी गाडीतून उतरलीस कधी? मी म्हटलं, थट्टा पुरे. तिने फोटो दाखवला. माझा निळा झगा. माझी टोपी. तोंड मात्र पलीकडे.
इनेझला सांगितलं तशी ती आधी पाटीकडे धावली. म्हणाली, मार्लिसबाई, रात्रभर नाव ठेवलंत? मग वाळवंट तुम्हाला आपलं समजतं, नि तुमच्या जागी दुसरं कुणी धाडतं. लगेच पुसा, त्या दुसरीने पुसायच्या आत. तिने पुसलं तर परत आलेली तीच ठरते, तुम्ही नाही.
घासघास घासलं. खडू हलत नाही! पाटीही माझ्याशीच वाकडी.

६ ऑक्टोबर
आजही मला टाकून गेल्या, डिलेनी नि ती दुसरी. इनेझला हाका मारून घसा बसला, ती माझ्या अंगावरूनच झाडू मारत गेली. अशी कशी ऐकत नाही ही बाई! जोड्यांत वाळू. गादीत वाळू. नळाचं पाणी पोटात जातच नाही—

७ ऑक्टोबर
आल्या. खिडकीतून दिसतंय. ती माझ्या काठीवर रेलून डिलेनीला सांगतेय, राजा, तुझं नाव राहू दे आजची रात्र, उद्या परत लिहायला नको. नि पोरगी हसून म्हणतेय, तू म्हणशील तसं, आजी—
अगं मूर्ख पोरी, मी इथे आहे—

रांगत पाटीपाशी आले. माझं नाव निघत नाही. डिलेनीचं आजचं आहे, ताजं. बाहीने घासतेय. डि गेला. ले गेला. नी— गेली!
पुसलं गं बाई, पुसलं.

ती आली. हातात फडकं. माझ्याकडे बघून माझंच हसू हसतेय. वाकली— तिचे गुडघे दुखत नाहीत— मा पुसला— आता र्लि