सरकलेल्या भोकाचं नाणं

प्रिय फुसाए,

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तरी नेटाने वाच. शाळा मी मध्येच सोडली, हे तुला ठाऊक आहेच.

एकवीस तारखेला देवळाच्या बाजारात तू माझ्या जुन्या नाण्यांच्या टेबलावर ते पन्नास येनचं नाणं ठेवलंस. तुझ्या नवऱ्याने, इवाओसाननी जाण्याआधी तुला दिलेलं, भोक मधोमध नसून कडेला सरकलेलं. टांकसाळीची अशी चूक लाखांना जाते, त्यात त्यांच्या थडग्याचा दगड होईल, म्हणालीस. मी भिंग लावलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर बोलून मोकळी झाले, "हे भोक मागाहून पाडलंय. खोटं आहे." तू नाणं उचललंस. "जन्मभर खरं बोलला माणूस, आणि जाताना मलाच फसवून गेला," एवढं म्हणून निघून गेलीस.

खोटं ते आहेच, मी शब्द मागे घेत नाही. पण मी अर्धंच बोलले.

एरवी असलं नाणं मला पापणी लवायच्या आत कळतं. टांकसाळीत भोक आधी पडतं, ठसा मागून बसतो. म्हणून खऱ्या चुकीत नाण्यावरच्या शेवंतीची पाकळी भोकाच्या काठाशी जराशी ओघळते. भामटे नुसतं ड्रिल मारतात, पाकळी सुरीने कापल्यासारखी दिसते. तुझ्या नाण्यात पाकळी ओघळलेली होती, फुसाए. कुणीतरी ती हाताने ओघळवली होती. मधलं मूळ भोक बुजवलेलं, पण सांधा सापडेना. नाणं तिरकं धरून धरून माझा चहा गार झाला, तेव्हा कुठे एक पुसट कडं दिसलं. तीस वर्षांत असं काम पाहिलं नाही.

तू गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. गेलं वर्षभर इवाओसान दर महिन्याला यायचे, माझ्याकडचं असंच सरकलेल्या भोकाचं खरं नाणं भिंगाखाली धरून बसायचे. काठ गोल का, पाकळी कुठून वळते, नुसते प्रश्न. मी वैतागले. घ्यायचं तर घ्या, नाहीतर गिऱ्हाइकांना वाट द्या, म्हटलं. तर हसले. "किंमत झेपायची नाही, बाई. पण आमची फुसाए दर वेळी याच्यापाशीच थांबते." मला मेलीला वाटायचं, तू माझ्याशी गप्पा मारायला थांबतेस.

काल मी, ते कामाला होते त्या लेथच्या कारखान्यात गेले. नागासे मालकांनी इवाओसानच्या खणातला डबा उघडून दाखवला. सव्वीस बिघडलेली नाणी. कुठे पाकळी मोडलेली, कुठे काठ फाटलेला. नाण्याला असा हात लावणं गुन्हा आहे, असं मालकांनी बजावलं होतं म्हणे. त्यावर इवाओसान म्हणाले, "विकायचंय कुणाला?" आणि नाणं देताना तुला काय म्हणाले होते? असं दुसरं मिळायचं नाही, एवढंच ना? मग फसवलं कुठे?

तुझी जाऊ सांगत होती, रविवारी, ते गेल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवशी अस्थी पुरल्या की तू ते नाणं दानपेटीत टाकणार आहेस. म्हणून हे पत्र तातडीच्या टपालाने धाडतेय. टाकू नकोस. बाजारात त्याला कुणी विचारणार नाही, बँकही पन्नास येन द्यायची नाही. पण माझ्यासाठी आजवर कुणी वाकडा खिळासुद्धा सरळ केलेला नाही. तुला ते डोळ्यांसमोर नकोच असेल तर मला दे, मी माझं खरं नाणं तुला देते. ते वीक आणि दगड घे. माझं नुकसान होतंय असं म्हणू नकोस. नाण्याची किंमत ठरवणं माझं काम आहे, तुझं नाही.

तुझीच, फटकळ
तोकिए