ग्रीसगनला लागतो तिसरा हात

ती. लॉर्नाताईस,

क्लाइव्हचा साष्टांग नमस्कार. (ही नुसती लिहायची रीत समजू नकोस. गेला आठवडाभर मी खरोखरच आडवा आहे. फरक इतकाच, की पाठ जमिनीला आहे आणि तोंडावर आमची यूट गाडी आहे.) इकडे सर्व ठीक. नोरीनची तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम. माझी कंबर धरली आहे, अंगठा सुजला आहे आणि उजव्या कानात ग्रीस गेल्यामुळे त्या बाजूने काही ऐकू येत नाही. म्हणून हल्ली जेवताना मी नोरीनला उजवीकडे बसवतो. तुझा गुडघा कसा आहे? माउंट गॅम्बियरला गारठा सुरू झाला असेल. आमच्या क्वॉर्नला अजून कोंबड्या सावली शोधत फिरतात.

पत्रास कारण की, मी गाडीच्या सांध्यांत ग्रीस भरायची ग्रीसगन घेतली. खरं म्हणजे दोन घेतल्या. तू म्हणशील, साठी उलटल्यावर माणूस बागेत गुलाब लावतो, याला हे काय सुचलं? तर ते मला सुचलेलं नाही, नोरीनला सुचलं. तुला ठाऊकच आहे, ती आठवड्यातून दोनदा यूटच्या मागच्या उघड्या हौद्यात गरम डबे ठेवून लांबच्या मेंढवाड्यांवरच्या म्हाताऱ्यांना जेवण पोचवते. (त्यातले काही म्हातारे माझ्याहून लहान आहेत, पण मी बोलत नाही, कारण उरलेला डबा मलाच मिळतो.) आमच्या यूटच्या स्प्रिंगांचे पाटे इतके कोरडे पडले होते, की खडबडीत रस्त्यावर ती एखाद्या अडकलेल्या बोकडासारखी ओरडायची. नोरीन फाटकाशी पोचायच्या आत लोक काटे-चमचे घेऊन व्हरांड्यात बसलेले असत. याचं तिला काही नव्हतं. पण मागच्या महिन्यात टपालवाल्याच्या गाडीच्या चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा ग्रीसवाचून तुटला, शाफ्ट रस्त्यावर आपटला आणि बिचारा भर माळरानावर दुपारभर पत्रं वाचत बसला. (आमचीच. वाचून झाल्यावर त्याने नोरीनला तुझ्या गुडघ्याबद्दल विचारलं.) ते ऐकल्यावर नोरीनने जाहीर केलं, "एक तर तू गाडीखाली जा, नाहीतर मी सेड्रिकच्या गाडीतून डबे नेते."

सेड्रिक म्हणजे आमचा शेजारी. विधुर आहे. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, खिशात कंगवा. नोरीनला "वहिनी, वहिनी" करतो आणि मला नुसतं "क्लाइव्ह". आमच्या गावचा मिस्त्री दुकान विकून समुद्राकाठी राहायला गेला आहे आणि पोर्ट ऑगस्टाचा मिस्त्री म्हणतो, गाडी सोडून जा, बघू. तेव्हा मी उठलो आणि डल्सीच्या अवजारांच्या दुकानात गेलो.

ताई, मी आजवर समजत होतो, की ग्रीसगन म्हणजे ग्रीसगन. डल्सीने चष्म्यावरून पाहत विचारलं, "एका हाताची हवी की दोन हातांची?"

"मला हात दोनच आहेत," मी म्हणालो.

"म्हणूनच विचारतेय. पुढे बोंबलत येशील."

मग तिने भिंतीवरच्या तीन गन काढून समजावलं. पहिली पिस्तुलासारखी. एका हाताने चाप दाबायचा, दुसऱ्याने तिचं तोंड गाडीच्या निपलवर, म्हणजे सांध्यावरच्या ग्रीस घालायच्या बोंडावर, धरायचं, पण दर दाबाला ग्रीस मुंगीच्या पावलाने येतं. दुसरी लांब दांड्याची. तिचा जोर जबर, पण दोन्ही हात तिलाच लागतात, तोंड धरायला हात उरत नाही. तिसरी बॅटरीची. बटण दाबलं की काम झालं, मात्र वजन तान्ह्या मुलाएवढं आणि तसाच भरवसा. शिवाय पुढची नळी कडक हवी की लवचिक, हा वेगळा प्रश्न. माझं डोकं गरगरलं. मी पिस्तुलाची घेतली, नळी लवचिक. (कारण आरशात ती मला शोभली. हे डल्सीला सांगितलं नाही, पण आरसा तिच्याच दुकानात होता.)

घरी येऊन ग्रीसची नळकांडी आत बसवली, गाडीखाली सरकलो आणि चाप दाबत राहिलो. बाहेर येत होती नुसती हवा. आत हवा अडकली की आधी ती काढायची असते, हे नळकांडीवर छापलेलं आहे, पण ते वाचायला भिंग लागतं आणि भिंग नोरीनच्या शिवणाच्या पेटीत. ती हवा काढली, तोवर माझा अंगठा माझा राहिला नव्हता. तरी कसंबसं पहिल्या निपलमध्ये ग्रीस गेलं. जिंकलो म्हणून तोंड ओढायला गेलो, तर ते निघेना! ओढतोय, पिळतोय, शिव्या देतोय, पण निपलने ते असं धरलेलं, की जणू लहानपणी ताटातूट झालेली भावंडं. तेवढ्यात पांढरे बूट दिसले.

"क्लाइव्ह, जिवंत आहेस का?" सेड्रिकने विचारलं.

"विश्रांती घेतोय."

"माझी गाडी तयारच आहे. वहिनींना घेऊन जाऊ? डबे गार होतायत."

आणि ताई, ती गेली! मी खालून पाहिलं, पांढऱ्या गाडीचं दार त्याने अदबीने उघडून धरलं होतं. मी मात्र लग्नात तिला घोड्याच्या गाडीत चढवलं होतं, त्यानंतर दाराची जबाबदारी तिच्याकडेच दिलेली आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा डल्सीकडे. ग्रीस लागलेली गन ती परत घेईना, तेव्हा दांड्याची दुसरी घेतली. हिचा जोर खरंच जबर, पण तोंड धरायला तिसरा हात कुठून आणू? गुडघ्यात धरून पाहिलं. दोरीने बांधून पाहिलं. शेवटी हनुवटीने दाबून धरलं आणि दांडा मारला. तोंड सटकलं. (कानाचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.)

इतक्यात सेड्रिक स्वतःची बॅटरीची गन घेऊन हजर. "वहिनींची काळजी वाटते म्हणून," असं तो म्हणाला. मांडीवर रुमाल पसरून पुढच्या चाकाजवळ बसला, बटण दाबलं आणि मान वळवून नोरीनला कांगारूच्या शेपटीचं सूप कसं करायचं ते सांगू लागला. बटण दाबलेलंच. सांध्यावरची रबरी टोपी फुगू लागली. मला दिसत होतं. सांगायला हवं होतं, पण माणूस बोलत असताना मध्येच तोंड घालू नये, असं तूच मला शिकवलंस. फट् असा आवाज झाला आणि सेड्रिक छातीपासून कंगव्यापर्यंत तांबड्या ग्रीसने माखला. आठवड्यातला तो एकच क्षण मी मनापासून जगलो.

सेड्रिक आंघोळीला गेल्यावर नोरीनने चुलीवरचं भांडं उतरवलं, माझा जुना कोट चढवला आणि सरळ गाडीखाली सरपटत आली. "तू तोंड धर," ती म्हणाली, "दांडा मी मारते." लोकर कातरणाऱ्यांच्या टोळ्यांसाठी तिने उभ्या आयुष्यात कणकेचे डोंगर मळलेत, ते बळ त्या दांड्यात उतरलं. प्रत्येक सांध्यातून आधी काळं जुनं ग्रीस बाहेर यायचं, मग तांबडं नवं दिसलं की ती म्हणायची, "पुढचा." तोंड अडकलं, तेव्हा तिने ते सरळ न ओढता जरा तिरकं केलं आणि ते निमूट सुटलं. दोघं गाडीखाली पाठीवर पडलेलो, वर इंजिन, बाजूला आमची कुत्री आश्चर्याने बघत बसलेली.

"एका हाताची चांगली निघाली असती, तर तुला त्रास पडला नसता," मी म्हणालो.

"एकट्यानेच सगळं करायचं होतं, तर लग्न कशाला केलंस?" ती म्हणाली आणि माझ्या नाकावरचं ग्रीस पुसलं. (पुसलं म्हणजे पसरलं. पण हेतू चांगला होता.)

तेव्हा ताई, कोणी विचारलं तर सांग, दांड्याची घ्या आणि घरात दुसरं माणूस ठेवा. फुटलेली टोपी बदलली. गाडी आता लोण्यासारखी चालते. मंगळवारी फाटकाशी कोणी आलं नाही, नोरीनला भोंगा वाजवावा लागला. तुझ्या मांजराला माझा आशीर्वाद. ते घेत नाही, तरी सांग.

तुझाच,
क्लाइव्ह

ता. क. एक नुकसान मात्र झालं. पूर्वी यूट पुलावर आली की मला इथे ऐकू यायचं, आणि डॉक्टरने बंद केलेली, मटण भरलेली बेकरीतली पाई संपवून कागद जाळायला पुरेसा वेळ मिळायचा. काल ती थेट दारात उभी! हे नेहमीचं आहे, असं नोरीनकडे बोलू नकोस. मी म्हटलं, सेड्रिकने दिली.

ता. क. दुसरी गोष्ट. गाडी डब्यांसाठी नीट केली असं वर लिहिलं आहे, ते अर्धंच खरं. तुझ्या मागच्या पत्रात तू सहज लिहिलंस, की रविवारी मोठं भांडंभर सूप करून तेच आठवडाभर, उभ्यानेच, भांड्यातूनच खाते. नोरीनने ते दोनदा वाचलं आणि मग टपालवाल्याच्या शाफ्टचा विषय काढला. आम्ही शुक्रवारी पहाटे तुला न्यायला निघतोय. हे पत्र मिळेल तेव्हा तुला नाही म्हणायला वेळ उरलेला नसेल. पुढच्या बाकावर तिघं मावतात, तू मध्ये बसायचंस. पंधरा दिवस राहा, मग सोडतो.

ता. क. (नोरीनकडून) वन्सं, पाकीट उघडंच होतं म्हणून वाचलं. पाईचं मला पहिल्यापासून ठाऊक आहे, कागद जाळला तरी मिशीला वास राहतो. आणि यांच्या पंधरा दिवसांकडे लक्ष देऊ नका. हिवाळ्याचे कपडेही भरा. मांजराची टोपली मी घेऊन येतेय.